उमेदवाराचे गाव आणि मतदाराचा कौल



स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहावा, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. आयुष्यभर प्राथमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकविला, एवढीच काय ती माझी पुंजी. तरीही एक विषय बरेच दिवस मनात घोळत होता, तो येथे मांडतो. निवडणुकीच्या सभेत वक्ता उभा राहतो आणि प्रतिपक्षाच्या उमेदवाराने काय केले किंवा काय केले नाही हे सांगण्याऐवजी तो कोठला आहे हे सांगू लागतो. तो अमक्या मुलखाचा, त्या मुलखाची माणसे अशीच, त्यांची भाषा तशी, त्यांचे पाणीच तसे. श्रोते हसतात, टाळ्या पडतात. ह्या टाळ्यांचा आपल्या प्रांतातील इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि त्यातील काही पाने तर प्रत्यक्ष आपल्या वर्ध्यातच लिहिली गेली आहेत.

प्रथम आपल्याच जिल्ह्याची घडण पाहू. वर्धा नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि आपल्या जिल्ह्याची पश्चिम सीमा आखीत खाली जाते. नदीच्या पलीकडे वऱ्हाड. तो निजामाचा मुलूख, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला. अलीकडे नागपूरकर भोसल्यांचे राज्य, तेही १८५४ मध्ये खालसा झाले. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा हा निराळा जिल्हा काढण्यात आला. मुख्य ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठ्याला होते. पुढे १८६६ च्या सुमारास पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी नवे शहर वसविले गेले, आणि दुसऱ्याच वर्षी आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोचली. म्हणजे वर्धा शहरात ज्याला ‘मूळचा’ म्हणावे असा मनुष्य शोधू गेल्यास पालकवाडीच्या मूठभर घरांपलीकडे कोणी सापडणार नाही. बाकी आपण सारे कोठून ना कोठून आलेलेच. कोणी सरकीच्या व्यापारासाठी, कोणी रेल्वेच्या कामासाठी, कोणी कचेरीतल्या कारकुनीसाठी.

ज्यांच्यामुळे ह्या शहराचे नाव जगाला ठाऊक झाले त्या मंडळींकडे पाहिले तरी हेच दिसते. शेठ जमनालाल बजाज यांचा जन्म राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास ह्या गावचा. लहानपणी ते वर्ध्याच्या बच्छराज घराण्यात दत्तक आले. १९२८ साली त्यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुले केले, तेव्हा शहरातल्या ‘मूळच्या’ लोकांना ते पचविणे जड गेले, ही गोष्ट वेगळी. विनोबा कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे. ते १९२१ मध्ये येथे आले. महात्माजी काठेवाडचे. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावला राहावयास गेले, त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत वर्ध्याने निवडून दिलेले श्रीमन्नारायण अग्रवाल हे उत्तर प्रदेशातील इटाव्याचे. त्यांच्यानंतर १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन वेळा कमलनयन बजाज निवडून आले. १९८०, १९८४ आणि १९८९ मध्ये आपण वसंतराव साठे यांना पाठविले. त्यांचा जन्म नाशिकचा, आणि त्यापूर्वी ते अकोल्याचे खासदार होते. १९९१ मध्ये त्यांचा पराभव केला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी. ह्या यादीवरून एवढे स्पष्ट होते की, वर्ध्याच्या मतदाराने उमेदवाराचे गाव पाहून मत दिले असा आरोप त्याच्यावर सहसा करता येणार नाही.

परंतु ह्याच वर्ध्यात १९३८ च्या जुलै महिन्यात जे घडले त्याने प्रांताच्या दोन भागांत कायमची कटुता निर्माण केली. त्या वेळचा मध्यप्रांत-वऱ्हाड हा दोन भाषांचा प्रांत होता. काँग्रेसच्या दृष्टीने त्याचे तीन भाग : हिंदीभाषी महाकोशल, आणि मराठीभाषी नागपूर व विदर्भ. १९३७ च्या निवडणुकीनंतर डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य प्रधान झाले. त्यांचे पं. रविशंकर शुक्ल, पं. द्वारकाप्रसाद मिश्र व दु. के. मेहता ह्या महाकोशलच्या तिघा मंत्र्यांशी जमेना. मे महिन्यात पचमढीला तडजोड झाली, पण ती टिकली नाही. जुलैमध्ये डॉ. खरे यांनी रामराव देशमुख व गोळे ह्या दोन मराठी सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. महाकोशलच्या तिघांनी तो देण्याचे नाकारले, तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना बडतर्फ केले आणि खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. काँग्रेसच्या श्रेष्ठींना विचारल्यावाचून गव्हर्नरांच्या साहाय्याने हे केले, ह्या कारणास्तव कार्यकारिणीने वर्ध्यास बसून २६ जुलै रोजी खरे यांचा निषेध केला, आणि शुक्ल पक्षाचे नेते झाले.

आता ह्या प्रकरणात मूळ प्रश्न कोणता होता? पक्षाच्या शिस्तीचा आणि सत्तेच्या वाटणीचा. तो त्याच शब्दांत वादविला जावयास हवा होता. पण पाहता पाहता त्याला ‘मराठ्यांवर हिंदीवाल्यांची कुरघोडी’ असे रूप आले. मराठी मुलखात खरे यांच्याविषयी सहानुभूतीची लाट उसळली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला विधिमंडळात मराठी भागाचा वेगळा प्रांत करावा असा ठराव संमत झाला. तो मांडणारे तेच रामराव देशमुख. येथे एक गोष्ट गंमतीची म्हणून सांगतो. मराठी नागपूरचे अभिमानस्थान ठरलेले डॉ. खरे जन्माने पनवेलचे, म्हणजे कोकणातले! नागपूरने त्यांना आपले मानले ते त्यांच्या वैद्यकीने आणि कामाने. भांडण पेटले तेव्हा मात्र प्रत्येक जण दुसऱ्याचा मुलूख मोजू लागला.

ह्या विषयातील सर्वांत मोठे आणि सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण मुंबईचे आहे. तेव्हा मी लहान होतो, पण घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ते पुढे कित्येक वर्षे येत असे. व्ही. के. कृष्ण मेनन मलबारातील कोझिकोडचे. १९५७ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रसंघात काश्मीरवर त्यांनी जे प्रदीर्घ भाषण केले, ते सुमारे आठ तास चालले, हे आपल्यापैकी वयस्क मंडळींनी ऐकले असेल. त्याच वर्षी काँग्रेसने त्यांना उत्तर मुंबईतून उभे केले व ते निवडून आले. १९६२ ची निवडणूक तर देशभर गाजली. विरोधात आचार्य कृपलानी. कृपलानी सिंधमधील हैदराबादचे. वर्ध्याला ते परके नव्हते, कारण काँग्रेसचे सरचिटणीस म्हणून त्यांचे येथे सतत येणे-जाणे असे. पाहा, मुंबईतील लढत, आणि दोन्ही उमेदवारांपैकी मराठी कोणीच नाही. तरी लढतीचा विषय उमेदवाराचे गाव हा नव्हता. चीनच्या सीमेवर काय चालले आहे, संरक्षणमंत्री म्हणून मेनन यांचे धोरण बरोबर की चूक, असा तो देशाचा विषय होता. दोनच महिन्यांपूर्वी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला होता, त्याचा लाभ मेनन यांना झाला. आचार्य अत्रे यांच्यासारखा संयुक्त महाराष्ट्राचा कडवा सेनानीही आपल्या ‘मराठा’तून मेनन यांच्या बाजूने उभा राहिला. मेनन लाखाहून अधिक मताधिक्याने विजयी झाले.

त्यानंतर ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, आपल्या सैन्याची हानी झाली, आणि ७ नोव्हेंबर १९६२ रोजी मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. १९६७ ची निवडणूक आली तेव्हा त्यांना विचारण्याजोगा प्रश्न समोर सरळ उभा होता : हिमालयातील पराभवाची जबाबदारी कोणाची? तो प्रश्न पाच वर्षांपूर्वीच्या प्रश्नाहूनही मोठा होता. परंतु उमेदवारी नाकारताना कारण पुढे आले ते निराळेच. मेनन हे मुंबईचे नव्हेत, महाराष्ट्राचे नव्हेत, ते बाहेरचे. दहा वर्षे त्या शहराचे प्रतिनिधी असलेला मनुष्य एका दिवसात बाहेरचा झाला. तिकीट मिळाले स. गो. बर्वे यांना. बर्वे कर्तबगार सनदी अधिकारी होते, पुढे राज्याचे मंत्री झाले. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नव्हता. खेद वाटतो तो एवढाच की, त्या योग्यतेवर निवडणूक लढविली जाऊ शकत असताना ती जन्मगावावर नेण्यात आली.

येथे आणखी एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. मुंबई प्रदेश काँग्रेसवर त्या काळी स. का. पाटील यांचे वर्चस्व होते. हेच पाटील २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवरील सभेत, पाच हजार वर्षे गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचे बोलले होते. ती सभा लोकांनी उधळली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला त्याचे उत्तर दिले. मुंबई महाराष्ट्राची नव्हे असे सांगणाऱ्याच गोटाला बारा वर्षांनी मेनन महाराष्ट्राचे नाहीत ह्याची आठवण व्हावी, ह्यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

मेनन काँग्रेसबाहेर पडून अपक्ष उभे राहिले. त्याच सुमारास, १९ जून १९६६ रोजी, शिवसेनेची स्थापना झाली होती. ‘मार्मिक’ साप्ताहिकातून कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या. मराठी तरुणाला नोकरी नाही, ही त्यामागची वेदना खरी होती. ती कोणी नाकारू नये. पण ‘यंडुगुंडू’ हा शब्द, लुंगीची टिंगल, हे सारे त्या वेदनेवरचे औषध नव्हते. शिवसेनेने बर्वे यांचा पुरस्कार केला आणि मेनन यांच्याविरुद्धचा प्रचार त्यांच्या मुलखाविरुद्ध वळला. सुमारे १३ हजार मतांनी मेनन पडले. थोड्याच दिवसांत बर्वे यांचे अकाली निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा पराभूत झाले. १९६९ मध्ये ते बंगालातील मेदिनीपूरमधून पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत गेले. बंगाली मतदाराने मलबारच्या माणसाला निवडले! १९७१ मध्ये मात्र त्रिवेंद्रमने, म्हणजे त्यांच्या केरळने, त्यांना पाठविले. १९७४ मध्ये ते वारले. हिमालयातील पराभवाचा हिशेब मुंबईच्या मतदारांपुढे जसा मांडला जावयास हवा होता तसा मांडला गेला नाही. त्यांच्या मित्रांनाही नाही आणि शत्रूंनाही नाही, असा तो निकाल लागला.

मुंबईचा मतदार बाहेरच्याला नाकारतोच, असा निष्कर्ष ह्यावरून कोणी काढील तर तोही फसेल. त्याच १९६७ मध्ये, त्याच शहरात, दक्षिण मुंबईत खुद्द स. का. पाटील पडले. त्यांना पाडणारे जॉर्ज फर्नांडिस मंगळूरचे. पाटील कोकणातले, मुंबईत मुरलेले, केंद्रात मंत्री. फर्नांडिस तरुणपणी रिकाम्या हाताने मुंबईत आले आणि कामगारांच्या संघटनांत वाढले. एकाच निवडणुकीत एका बाहेरच्याला घराबाहेर काढले गेले व दुसऱ्याला डोक्यावर घेतले गेले. माझ्या अल्पमतीप्रमाणे भेद इतकाच की, फर्नांडिस यांची ओळख त्यांच्या मतदाराला रोजच्या कामातून झालेली होती. तेथे ‘हा कुठला?’ ह्या प्रश्नाला धार नव्हती. मेनन दिल्लीत राहणारे, सभेपुरते येणारे. त्यांच्याबाबत तो प्रश्न टोचून विचारता येत होता.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. येथे जपून लिहिले पाहिजे, कारण आपल्या समाजात सर्व पक्षांची घरे आहेत, आणि हा दोष कोणा एका पक्षाचा नाही. १ एप्रिल २०१९ रोजी आपल्या वर्ध्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची प्रचारसभा झाली. त्या वेळी काँग्रेसचे राहुल गांधी यांनी अमेठीखेरीज केरळातील वायनाड येथूनही उभे राहण्याचे जाहीर केले होते. वर्ध्याच्या भाषणात त्यावर टीका झाली ती अशी की, बहुसंख्य समाज जेथे अल्पसंख्य आहे अशा ठिकाणी काँग्रेसच्या नेत्यांना आश्रय घ्यावा लागत आहे. विरोधकांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ३० एप्रिलला, आचारसंहितेचा भंग झाला नाही, असा निर्णय दिला. पुढे वायनाडने राहुल गांधींना चार लाखांहून अधिक मताधिक्य दिले, अमेठीने त्यांना पाडले, आणि वर्ध्यातून भाजपचे रामदास तडस दुसऱ्यांदा विजयी झाले.

ह्या प्रसंगाकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहता मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वायनाडविषयी जे बोलले गेले ते वर्ध्यात बोलले गेले. वायनाडच्या कॉफीच्या मळ्यात राबणारा मजूर समोरच्या सतरंजीवर बसलेला नव्हता. ज्या मुलखाची अप्रतिष्ठा होते तो मुलूख सभेत हजर नसतो, म्हणूनच असे बोलणे सोपे जाते. १९३८ मध्ये किंवा १९६७ मध्येही हेच होते. पूर्वी असे शब्द त्या मैदानातच विरून जात. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या तर आल्या. आता मोबाईलमुळे तोच शब्द सायंकाळपर्यंत त्या मुलखाच्या घराघरांत पोचतो.

अमेरिकेतील एक उदाहरण ह्याच जातीचे आहे. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी टेक्सासचे सेनेटर टेड क्रूझ आणि न्यूयॉर्कचे डोनाल्ड ट्रम्प यांच्यात चुरस होती. १४ जानेवारीला दक्षिण कॅरोलायनातील वादसभेत क्रूझ यांनी, ट्रम्प हे ‘न्यूयॉर्कच्या मूल्यां’चे प्रतिनिधी आहेत, असा टोमणा मारला. खेड्यापाड्यांतील धार्मिक मतदारांना न्यूयॉर्क म्हणजे काय ते सांगण्याची गरज नव्हती. ट्रम्प यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्या शहराने दाखविलेल्या धैर्याची आठवण देऊन उत्तर दिले. १ फेब्रुवारीला आयोवा राज्यात क्रूझ जिंकले. पण १९ एप्रिलला मतदान न्यूयॉर्कमध्येच व्हावयाचे होते! तेथे ट्रम्प यांना सुमारे ६० टक्के मते मिळाली आणि क्रूझ तिसऱ्या क्रमांकावर गेले. एका गावात घेतलेली उधारी दुसऱ्या गावात व्याजासह फेडावी लागली.

आपल्या देशातही असे हिशेब चुकते झाले आहेत. २०१५ मध्ये मुजफ्फरपूरच्या सभेत पंतप्रधानांनी नितीशकुमार यांच्या ‘डीएनए’विषयी उद्गार काढले. रोख एका व्यक्तीवर होता, पण नितीशकुमार यांनी तो साऱ्या बिहारचा अपमान म्हणून फिरविला, आणि नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीने २४३ पैकी १७८ जागा मिळविल्या. अर्थात त्या यशाला इतरही कारणे होती. २०२२ मध्ये पंजाबात काँग्रेसचे मुख्यमंत्री चरणजितसिंह चन्नी यांनी ‘उत्तर प्रदेश-बिहारच्या भय्यां’ना पंजाबात शिरू देऊ नका, अशा आशयाचे विधान केले. रोख आपल्या पक्षविरोधकांवर होता, कष्टकऱ्यांवर नव्हता, असा खुलासा त्यांना पाठोपाठ करावा लागला. ते स्वतः दोन्ही मतदारसंघांत पडले. खुलासा हा नेहमी मूळ शब्दाच्या मागून, पायी चालत येतो.

कायदा ह्याबाबत काय म्हणतो, हेही थोडक्यात पाहू. लोकसभेच्या उमेदवाराने भारतातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत मतदार असणे पुरते. तो त्याच मतदारसंघातील असला पाहिजे असे नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात धर्म, वंश, जात, जमात व भाषा यांच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरविला आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन मतांनी, त्याचा अर्थ अधिक व्यापक केला. परंतु त्या यादीत जन्मस्थान नाही, मुलूख नाही. घटनेच्या १५ व्या कलमात ‘जन्मस्थान’ हा शब्द स्पष्ट आहे, तो राज्यसंस्थेला बंधनकारक आहे. सभेतील वक्त्याच्या जिभेला त्याने आवर बसत नाही.

आपल्या विदर्भाला तर ह्या टोमण्यांचा दुहेरी अनुभव आहे. १९६२ मध्ये नागपूरने लोकनायक बापूजी अणे यांना वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर अपक्ष म्हणून निवडून दिले. तेव्हापासून आपल्याकडील व्यासपीठावरून ‘पश्चिम महाराष्ट्रवाले’ हा शब्द कसा उच्चारला जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. उलट दिशेने, १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालातील ‘अनुशेष’ हा पाटबंधारे-रस्त्यांविषयीचा शब्द माणसांना चिकटविला गेला : वैदर्भीय माणूसच आळशी, मग विकास कोठून व्हावयाचा? २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले त्यांत वर्धा होता. त्यानंतर ‘आत्महत्यांचा जिल्हा’ हे बिरुद आपल्याला भाषणांतून लावले गेले, आणि ते आपल्या मुलांच्या सोयरिकीच्या बोलण्यापर्यंत येऊन पोचले. ज्यांच्या घरी उपवर मुलगे आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. कापसाच्या भावाविषयी जे बोलावयाचे, ते मुलखाविषयी बोलून भागविले गेले.

आणि आपण तरी काय करतो? आपली ज्ञाती वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरली आहे. पलीकडच्या धामणगाव, मोर्शी भागातून आपल्या घरांत सुना आल्या, आपल्या मुली तिकडे नांदत आहेत. २००९ पासून तर मोर्शी व धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ वर्धा लोकसभा मतदारसंघातच आहेत. म्हणजे खासदार निवडताना आपण आणि पलीकडचे एकच आहोत. तथापि मंडळाच्या कार्यकारिणीची मागील निवडणूक आठवा. ‘पलीकडच्यांच्या हाती वसतिगृहाची किल्ली देणार काय?’ असे वाक्य प्रचारात आले होते, आणि त्याला अलीकडच्या बाजूने हशा मिळाला होता. त्या वेळी खरा प्रश्न वसतिगृहाच्या दोन वर्षांच्या रखडलेल्या हिशेबाचा होता. तो हिशेब अलीकडच्यांनीही मागितला नाही आणि पलीकडच्यांनीही नाही. हशा संपला, सभा संपली. हिशेब अद्याप रखडलेलाच आहे.

कार्यकारिणीच्या नामनिर्देशनपत्रात उमेदवाराच्या नावाखाली ‘मूळ गाव’ असा एक रकाना आहे. तो कोणी व केव्हा घातला, हे जुन्या इतिवृत्तांत शोधूनही मला आढळले नाही. येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत. एक, तो रकाना काढून त्या जागी ‘मंडळासाठी आजवर केलेले काम’ असा रकाना घालावा. दुसरी, वसतिगृहाचा तपासलेला जमाखर्च मतदानाच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस सर्व सभासदांना, नदीच्या दोन्ही बाजूंना, छापील स्वरूपात पाठवावा. पहिल्या सूचनेस अनुमोदन आर्वीच्या एका सभासदांनी दिले आहे, दुसरीस मोर्शीच्या. दोन्ही सूचना सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत सातव्या व आठव्या क्रमांकावर आहेत.